खोडदचे आकाशश्रवण

जुन्नर तालुक्याला इतिहासाची वाण कधीच नव्हती. नाणेघाटातल्या लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात, यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांचे हिशेब ज्या अंकांत कोरले आहेत ते भारतात शिलेवर टिकून राहिलेल्या प्राचीनतम अंकांपैकी मानले जातात. आणि शिवनेरीचे महत्त्व तर महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलाला निराळे सांगावे लागत नाही. परंतु याच तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला असलेल्या खोडद या गावच्या शिवारात, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जे कार्य उभे राहिले त्याचा वृत्तांत आपल्या इतिहासलेखनात अजून जितक्या आस्थेने यावयास हवा तितका आलेला नाही. कांदा, ऊस, टोमॅटो आणि द्राक्षे पिकविणाऱ्या या मुलखात आज ४५ मीटर व्यासाच्या तीस अवाढव्य तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. शास्त्रज्ञ त्यांना एकत्रितपणे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण म्हणतात, पंचक्रोशीतले लोक सरळ ‘जीएमआरटी’ म्हणतात.

अंतराळ-संशोधनाची कथा सांगावयास बसले म्हणजे आपण बहुधा अग्निबाणांपासून आरंभ करतो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण धूर, ज्वाला व गर्जना यांचे मनावर जे दडपण पडते ते निःशब्द उभ्या असलेल्या यंत्राचे पडत नाही. पण ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने अवघ्या ५८ सेंटिमीटर व्यासाचा आणि सुमारे ८४ किलो वजनाचा स्पुटनिक जेव्हा पृथ्वीभोवती फिरता केला, तेव्हा त्याच्या अस्तित्वाची ग्वाही जगाला मिळाली ती २० आणि ४० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या आसपास तो जे ठोके प्रक्षेपित करीत होता त्यांच्यावरून; आणि ज्या अग्निबाणाने तो वर नेला त्याचा मागोवा रडारने घेतला तो इंग्लंडमधल्या जोड्रेल बँक येथील, त्याच वर्षी बांधून होत आलेल्या, ७६ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने. ज्याचे बोलणे ऐकू येत नाही असे यान पाठविले काय आणि न पाठविले काय, सारखेच. म्हणून ऐकणे हे अंतराळ-संशोधनाचे दुय्यम नव्हे तर अर्धे अंग आहे असे मी मानतो, आणि त्या अर्ध्या अंगाचा आपल्या भूमीवरचा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

आकाश ऐकण्याच्या या विद्येचा जन्म एका व्यापारी अडचणीतून झाला. अटलांटिकपलीकडे चालणाऱ्या रेडिओ-टेलिफोनमध्ये जो खरखराट होई त्याचे मूळ शोधण्याचे काम अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की नावाच्या तरुण अभियंत्याकडे सोपविले होते. त्याने चाकांवर फिरणारी एक लांबलचक अँटेना उभारली, आणि जवळच्या व दूरच्या वादळांतील विजांचा आवाज वजा केल्यावरही एक मंद सूं-सूं उरते असे त्याला आढळले. ही सूं-सूं दररोज सुमारे चार मिनिटे लवकर शिखराला पोहोचे. सूर्य चोवीस तासांनी पुन्हा माथ्यावर येतो, तारे मात्र २३ तास ५६ मिनिटांनी येतात. तेव्हा या आवाजाचा उगम सूर्यात नाही, पृथ्वीवरही नाही, तो ताऱ्यांच्या प्रदेशात, आकाशगंगेच्या मध्याकडे आहे, हा निष्कर्ष जान्स्कीने १९३३ मध्ये जाहीर केला. चार मिनिटांच्या फरकाकडे दुर्लक्ष करणारा माणूस त्या जागी असता तर ही विद्या आणखी काही वर्षे अजन्माच राहिली असती. पुढे ग्रोट रेबर याने १९३७ साली आपल्या घराच्या परसात स्वखर्चाने तबकडी बांधली. आणि महायुद्धात रडारसाठी शिकून तयार झालेली माणसे युद्ध संपताच आकाशाकडे वळली.

अशाच एका ठिकाणी, ऑस्ट्रेलियातल्या सिडनी येथे, १९५३ मध्ये गोविंद स्वरूप नावाचा २४ वर्षांचा भारतीय तरुण जोसेफ पॉझी या संशोधकाच्या हाताखाली दाखल झाला. उत्तर प्रदेशातल्या ठाकूरद्वारा या गावी २३ मार्च १९२९ रोजी जन्मलेले, अलाहाबादेत शिकलेले आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्याजवळ उमेदवारी केलेले स्वरूप यांनी सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे सूर्याचा वेध घेणाऱ्या बत्तीस लहान तबकड्यांवर काम केले. प्रत्येकीचा व्यास जेमतेम सहा फुटांचा. नवी साधने आल्यावर या तबकड्या मोडीत निघणार असे कळताच त्या भारताला द्याव्यात अशी विनंती त्यांनी केली, आणि ती मान्यही झाली. पण वाहतुकीचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नावर दप्तरी पत्रव्यवहार इतका रेंगाळला की तबकड्या दिल्लीस पोहोचून खोक्यांतच पडून राहिल्या आणि स्वरूप अमेरिकेस निघून गेले. स्टॅनफर्ड येथे रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६१ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी, परदेशी असलेल्या चार भारतीय रेडिओ-खगोलज्ञांनी मायदेशी परतून एकत्र काम करण्याची इच्छा भारतातल्या धुरीणांना पत्राने कळविली. होमी भाभा यांनी तिचे स्वागत केले आणि १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

पॉट्स हिलच्या त्या बत्तीस तबकड्यांचे नशीब मग उघडले. मुंबईजवळ कल्याण येथे त्या १९६५ साली उभ्या राहिल्या, आणि भारतातली ही पहिली रेडिओ दुर्बीण सूर्याच्या बाह्य वातावरणाचा वेध घेऊ लागली. थुंबा येथून पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाला, त्याला जेमतेम दोन वर्षे होत होती. थुंब्याचे छायाचित्र आज पाठ्यपुस्तकांतून दिसते. कल्याणचे मात्र कल्याणकरांनाही फारसे ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते. नंतरचा टप्पा उटीचा. तेथे निलगिरीच्या ज्या उतारावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असा परवलयी दंडगोल बसविला आहे, तो उतार त्या स्थळाच्या अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारे ११ अंशांचा, मुद्दाम हुडकून काढलेला आहे. त्यामुळे दंडगोलाचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो, आणि तो नुसता एका बाजूने फिरवीत गेले की तारा तासन्‌तास नजरेत राहतो. भूगोलाकडून असे फुकट काम करवून घेण्याची ही दृष्टी स्वरूप यांच्या सर्व कार्यात दिसते. उटीची दुर्बीण १९७० साली सुरू झाली. त्यानंतर विषुववृत्तावर, विकसनशील देशांच्या सहकार्याने, याहून मोठी दुर्बीण बांधण्याची योजना त्यांनी आखली. ती तडीस गेली नाही, आणि तिच्या अपयशाच्या पोटातूनच खोडदचा विचार निघाला असे म्हणण्यास हरकत नाही.

हा विचार समजून घ्यावयाचा तर हायड्रोजनपासून आरंभ केला पाहिजे. विश्वात सर्वांत विपुल असलेल्या या मूलद्रव्याचा शीत अणू २१ सेंटिमीटर लांबीचा रेडिओतरंग सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे जितक्या दूरचा, म्हणजे जितक्या पुरातन काळचा तरंग आपल्यापर्यंत येतो तितका तो वाटेत ताणला जातो. तेव्हा दीर्घिका जन्मास येत होत्या त्या काळचा हायड्रोजन ऐकावयाचा तर २१ सेंटिमीटरवर कान देऊन उपयोग नाही, एक-दोन मीटर लांबीच्या तरंगांवर तो दिला पाहिजे. पाश्चात्त्य देश तोवर आखूड तरंगांच्या मागे लागून मीटरतरंगांकडे काहीसे दुर्लक्ष करीत होते. स्वरूप यांनी ओळखले की हीच आपली संधी. कारण तरंग जितका लांब तितका त्याचा आरसा ओबडधोबड चालतो. आणि ओबडधोबड आरसा म्हणजे हलका, स्वस्त आणि आपल्याच कारखान्यांत होण्याजोगा आरसा. गरिबीचा येथे कोठेही केविलवाणा आधार घेतलेला नाही. जे प्रश्न मोठे आहेत आणि जे साधन आपल्या आटोक्यात आहे त्या दोहोंची सांगड घालणे याला मी उच्च प्रतीची बुद्धिमत्ता म्हणतो.

सरकारी मंजुरी १९८७ साली मिळाली. जागेचा शोध मात्र नीट पारखून झाला. मानवी वस्तीतून निघणारा रेडिओ-गोंगाट कमी असावा, भोवती डोंगरांचा आडोसा असावा, वारा बेताचा असावा, आणि तरीही पुण्यासारख्या शहराशी दळणवळण सुलभ असावे. अक्षांश असा असावा की चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या आयनांबराची अस्वस्थता टळेल, पण दक्षिणेकडील आकाशाचाही बराच भाग नजरेच्या टप्प्यात राहील. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, १९ उत्तर अक्षांशावरील खोडद या साऱ्या अटींस उतरले. चौदा अँटेना खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती चौकात आणि उरलेल्या सोळा तीन भुजांवर, पूर्वेस पाच, दक्षिणेस पाच व पश्चिमेस सहा, अशी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची मांडणी ठरली. या भुजा शेताशिवारांतून गेल्यामुळे दोन टोकांमधले कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

एखाद्या तबकडीच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले म्हणजे पहिला विस्मय वाटतो तो तिच्यातून आकाश आरपार दिसते याचा. ठोस पत्रा तेथे कोठेच नाही. काँक्रीटच्या मनोऱ्यावर फिरणारा सांगाडा, त्याच्या मध्यापासून परिघाकडे गेलेल्या लोखंडी नळ्यांच्या सोळा परवलयी कमानी, त्या कमानींच्या दरम्यान ताणून बांधलेले पोलादी तारदोर, आणि त्या दोरांवर बसविलेली न गंजणाऱ्या पोलादाची जाळी. जाळीची तार अवघी ०.५५ मिलिमीटर जाडीची, आणि तिचे घर मध्याजवळ १० मिलिमीटरचे तर कडेला २० मिलिमीटरचे. पण दोन मीटर लांबीच्या काय किंवा २१ सेंटिमीटर लांबीच्या काय, तरंगाच्या दृष्टीने ही भोके नसल्यासारखीच असतात. तो जाळीवरून परावर्तित होऊन नाभिस्थानी बसविलेल्या ग्राहकांकडे जातो. वाऱ्याला मात्र ती भोके मोकळी सापडतात, आणि तो तबकडीला न ढकलता तिच्यातून निघून जातो. वाऱ्याचा भार कमी म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून फिरविणारी यंत्रे लहान, आणि यंत्रे लहान म्हणून एका मोठ्या तबकडीच्या खर्चात अनेक तबकड्या, अशी ही काटकसरीची साखळी आहे. शेतकऱ्याच्या मापाने सांगावयाचे तर एका तबकडीचे तोंड पावणेसोळा गुंठ्यांच्या आसपास भरते आणि तीसही मिळून जवळजवळ बारा एकर.

नाभिस्थानी एक फिरता पिंजरा आहे, आणि त्याच्या चार बाजूंवर निरनिराळ्या तरंगलांबींचे ग्राहक बसविलेले आहेत. जी बाजू तबकडीकडे वळवावी त्या तरंगांवर दुर्बीण काम करू लागते. तेथे पकडलेला संकेत काचतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतो. १९८०च्या दशकात, काचतंतू भारतात अपूर्वाईची वस्तू असताना, त्यांवर भिस्त ठेवणे हे धाडस होते. इमारतीत काय घडते ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तीस तबकड्या नुसत्या शेजारी उभ्या केल्याने दुर्बीण होत नाही. पूर्वेकडे असलेल्या एकाच ताऱ्याकडून निघालेला तरंग पूर्वेकडच्या तबकडीवर आधी आणि पश्चिमेकडच्या तबकडीवर क्षणाच्या अत्यल्प भागाने मागाहून पोहोचतो. हा विलंब मोजून दोन्ही संकेत जुळवून घेतले म्हणजे ती जोडी आकाशातल्या वस्तूच्या आकाराविषयी एक माहिती देते. तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. शिवाय पृथ्वी फिरत असते, तिच्याबरोबर प्रत्येक जोडीची दिशाही ताऱ्याच्या दृष्टीने बदलत जाते, आणि काही तासांत या जोड्या जणू २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच तबकडीची मोजणी पुरी करतात. ही युक्ती केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी परिपूर्णतेस नेली व त्यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तबकड्या उभ्या राहिल्या, कसोट्या झाल्या, आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी, स्पुटनिकच्या उड्डाणाच्या तारखेसच, रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण जगातील शास्त्रज्ञांस समर्पित झाली. तेव्हापासून कोणत्याही देशाच्या संशोधकाने अर्ज करावा, गुणवत्तेवर वेळ मंजूर व्हावा आणि खोडदचे आकाश त्याला खुले व्हावे, असा रिवाज आहे.

या दुर्बिणीचा शत्रू ढग नव्हे. ढगांतून रेडिओतरंग सहज येतात. शत्रू आहे तो मानवी गोंगाट. विजेच्या खांबावर सैल झालेल्या जोडणीतून उडणारी ठिणगी, घरावरच्या दूरदर्शनच्या अँटेनाला लावलेला बिघडलेला बूस्टर, खिशातला मोबाईल, यांतले काहीही अब्जावधी वर्षे प्रवास करून आलेल्या क्षीण तरंगाला सहज बुडवू शकते. म्हणून दुर्बिणीची माणसे गावोगाव हिंडून असे उगम हुडकतात, वीजमंडळाच्या लोकांना गाठून दुरुस्ती करवून घेतात. भोवतालच्या मुलखात उद्योगांवर निर्बंध आले, आणि अलीकडे पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्गही खोडदच्या कारणाने बदलण्याचे ठरले, तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या लोकांत नाराजी उमटली. ती नाराजी अडाणीपणाची आहे असे मला म्हणवत नाही. ज्याच्या तालुक्यात कारखाना येत नाही आणि आगगाडी वळसा घेते, तो जगाच्या ज्ञानासाठी रोख किंमत मोजीत असतो. त्या किमतीची नोंद दुर्बिणीच्या इतिहासात ठळक अक्षरांत झाली पाहिजे.

आता त्या प्रसंगाकडे वळतो, ज्यात खोडदचे नाव थेट ग्रहयात्रेशी जोडले गेले. युरोपीय अंतराळ संस्थेने रशियाच्या सहकार्याने १४ मार्च २०१६ रोजी मंगळाकडे एक यान धाडले होते. त्याच्यापासून १६ ऑक्टोबरला विलग झालेले ‘स्कियापारेल्ली’ नावाचे अवतरणयान १९ ऑक्टोबरला मंगळावर उतरावयाचे होते. एकोणिसाव्या शतकात मंगळाचा नकाशा काढणाऱ्या इटालियन ज्योतिर्विदाचे नाव त्याला दिलेले होते. उतरण्यास अवघी सहा मिनिटे. आरंभीचा वेग ताशी सुमारे २१,००० किलोमीटर. या सहा मिनिटांत त्याचे बोलणे वस्तुतः वर घिरट्या घालणाऱ्या यानांनी टिपून ठेवावयाचे होते, पृथ्वीशी थेट बोलण्याची त्याला ताकदच नव्हती. त्याचा प्रक्षेपक काही वॉटचा, आणि पृथ्वी १७ कोटी किलोमीटरांहून अधिक दूर. प्रकाशाच्या वेगानेही संकेत यावयास ९ मिनिटे ४७ सेकंद लागत. तथापि त्याची कंप्रता ४०० मेगाहर्ट्झच्या जवळपास असल्यामुळे खोडदच्या तबकड्यांना ती ऐकू येण्याजोगी होती. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञांबरोबर येथील लोकांनी पूर्वतयारी केली, आणि त्या सायंकाळी यान झोपेतून जागे होऊन प्रक्षेपण करू लागताच ती बारीक रेघ खोडदच्या पडद्यावर उमटली.

त्या रेघेत शब्द नव्हते, चित्रे नव्हती. परंतु यानाचा वेग बदलला की तिची कंप्रता सरके, आणि त्या सरकण्यावरून वातावरणाचा पहिला धक्का व हवाई छत्रीचे उघडणे वाचता येत होते. जर्मनीतल्या डार्मस्टाट येथील नियंत्रण-कक्ष खोडदवरून येणाऱ्या वार्तेकडे डोळे लावून होता. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजत आले असताना, उतरण्याच्या नियोजित क्षणाच्या काहीसा आधीच, संकेत थांबला. तो पुन्हा आला नाही. मुख्य यान मात्र त्याच दिवशी सुखरूप मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरले, आणि त्याने टिपलेल्या नोंदी पृथ्वीवर आल्यावर सारा उलगडा झाला. छत्री उघडताना अवतरणयानाला असे हिसके बसले की त्याचे घूर्णन मोजणारे उपकरण सुमारे सेकंदभर आपल्या मापाच्या कमाल मर्यादेलाच अडकून बसले. त्या चुकीच्या मापावर विसंबून संगणकाने हिशेब केला, आणि आपण जमिनीच्याही खाली आहोत असे उत्तर काढले. मग त्याने छत्री सोडून दिली, वेग रोखणारी इंजिने जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली, आणि ३.७ किलोमीटर उंचीवरून यान ताशी ५०० किलोमीटरांहून अधिक वेगाने मंगळावर आदळले. यान गमावले, पण ते कोणत्या टप्प्यापर्यंत ठीक होते याची पहिली साक्ष जुन्नर तालुक्यातून गेली होती.

दुर्बिणीचे नित्यकार्य अर्थात याहून संथ आहे. २००४ साली एका तारकागुच्छात पाच मिलिसेकंदांत स्वतःभोवती गिरकी घेणारा आणि विलक्षण लंबवर्तुळाकार कक्षेत फिरणारा स्पंदक तारा येथे सापडला. १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या सर्वेक्षणाने ९० टक्के आकाश व्यापून सहा लाखांहून अधिक उगमांची यादी दिली. आणि त्याच यादीतल्या एका उगमाचा माग काढून २०१८ मध्ये तोवर ठाऊक असलेली सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका शोधली गेली. पुढे साऱ्या तबकड्यांचे ग्राहक व संगणकीय यंत्रणा बदलण्यात आली आणि पूर्वी तुटक असलेले तरंगपट्टे जवळजवळ अखंड झाले. गोविंद स्वरूप यांचा पुण्यात ७ सप्टेंबर २०२० रोजी देहान्त झाला. नवे साधन कामास लागलेले त्यांनी पाहिले होते.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरते आणि जुन्नर-आंबेगावच्या शाळांतली मुले आपले प्रयोग घेऊन तेथे येतात. त्यांच्यापैकी काहींना पुढे ज्या कामात पडता येईल ते आधीच सुरू झालेले आहे. भारतीय व जपानी शास्त्रज्ञांचा एक गट काही निवडक स्पंदकांचे ठोके साधारण पंधरा दिवसांनी एकदा खोडदवरून मोजतो. दूरच्या दीर्घिकांत परस्परांभोवती फिरणारी महाकाय कृष्णविवरे अवकाशात ज्या गुरुत्वीय लहरी उठवितात, त्यांनी हे ठोके सेकंदाच्या अब्जांशांनी मागेपुढे होतात. आणि अशा लहरींचा पुरावा जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी मांडला, त्यात युरोपीय गटाच्या बरोबरीने खोडदच्या नोंदींचाही भाग होता. यांतली एकेक लहर पुरी होण्यास काही वर्षे, कधी दशकेही लागतात. म्हणून आज टिपलेल्या ठोक्यांचा हिशेब आज प्रदर्शनात हिंडणारी मुले मोठी होऊन करतील तेव्हा त्यांना या पंधरवड्याच्या नोंदी लागतील, आणि त्या बिनचूक ठेवण्याचे काम खोडदच्या नियंत्रण-कक्षात रात्रपाळीला बसलेली माणसे करीत आहेत.